सत्ता आणि विषमता समाजाला कधी आवरता आली आहे का?

तुम्ही विचारलंय की इतिहासात कुठल्या समाजाला सत्ता आणि विषमता आवरता आली का, आणि खाली स्वतःच लिहून टाकलंय की माणसाचा स्वभावच तसा, कोणीही खुर्चीत बसला की तेच करणार. हे स्वभावाचं वाक्य मी दहा-अकरा वर्षं आमच्याच घरात ऐकतेय म्हणून उत्तर लिहितेय.

आवरता येते. लांब जायची गरज नाही, आमच्या नाशिक जिल्ह्यात बागलाण-मालेगावकडे मोसम, आरम नद्यांवर आणि पलीकडे धुळ्यात पांझरेवर जवळपास तीनशे वर्षं फड पद्धत चालली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात. पाणी सोडायचं काम गावाने नेमलेल्या पाटकरी आणि जागल्याचं, जमीनमालकाने पाटाच्या दाराला हात लावायचा नाही. पाणी कमी पडलं तर एखादा फडच कोरडा ठेवायचे, म्हणजे मोठ्याचंही नुकसान आणि लहानाचंही. यात कोणाच्या चांगुलपणावर काही सोडलेलंच नव्हतं. तमिळनाडूत उत्तरमेरूरला दहाव्या शतकातला चोळांचा शिलालेख आहे, त्यात गावच्या समितीसाठी नावं मडक्यात टाकून लहान पोराच्या हाताने चिठ्ठी काढायची, गेल्या तीन वर्षांत समितीवर बसलेल्याचं नाव टाकायचं नाही, आणि ज्याने हिशोब दिला नाही तो तर बादच पण त्याचे नातेवाईकसुद्धा बाद. नातेवाईक हा शब्द लक्षात ठेवा.

आमचं गाव दिंडोरी तालुक्यात, तीन एकर द्राक्ष, कालव्यातून निघणाऱ्या चारीच्या अगदी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. टेलला शेत असलेल्याला मी काय सांगतेय ते आत्ताच कळलं असेल. वडील २०११ ला गेले, आई बाग बघायची, मी नाशिकहून शनिवार-रविवार जायचे. आवर्तन, म्हणजे धरणातून पाण्याची पाळी सुटली की हेडवाल्यांचे, म्हणजे चारीच्या सुरुवातीला शेत असलेल्यांचे ऊस डुंबायचे आणि आमच्या पोटचारीत, म्हणजे शेतापर्यंतच्या छोट्या पाटात, रात्री दोनला करंगळीएवढी धार यायची, आई बॅटरी घेऊन शेताला पाणी द्यायला उभी. पाणी वाटणारी शेतकऱ्यांची पाणीवापर संस्था असते, तिचे अध्यक्ष हेडचेच, नात्याने आमचे चुलते, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. २०१४ च्या वार्षिक सभेत अहवाल "वाचला असं समजून मंजूर" करत होते तेवढ्यात मी उठले आणि म्हटलं पाण्याची वही वाचा, कुठल्या पोटचारीला किती तास. दादाने, माझ्या सख्ख्या भावाने, माझा हात धरून खाली ओढलं. सभेत बाया तीनच होत्या. अण्णा म्हणाले, "बाई, तू नाशिकची पाहुणी." तेव्हा आई, जी कधी सभेत बोलली नव्हती, ती बसल्या जागेवरून म्हणाली, "ती पाहुणी असंल, मी सभासद आहे, वाचा." मग वाचावीच लागली. दोन आवर्तनांत हेडच्या पोटचारीला एकशे वीस तास आणि आम्हाला अकरा. सभेत कोणी ओरडलं नाही, सगळे नुसते गप्प झाले, कारण माहीत सगळ्यांना होतं पण आकडा पहिल्यांदा ऐकला.

त्यानंतर शेवटापासून वर पाणी द्यायचं ठरलं, टेल भिजल्याशिवाय हेडची दारं उघडायची नाहीत. ही काही आमची अक्कल नाही, ओझरला वाघाड धरणाच्या टेलच्या शेतकऱ्यांनी कार्यकर्ते बापू उपाध्ये यांच्याबरोबर १९९१ च्या सुमारास संस्था काढल्या आणि पुढे अख्ख्या प्रकल्पाचं वाटप तिथल्या संस्थांनी हातात घेतलं, ते बघून आमच्याकडे आलं. पाणीवापर संस्थांच्या २००५ च्या कायद्यातही हेड, मध्य, टेल तिन्हीकडून सारखे संचालक आणि अध्यक्षपद आळीपाळीने आहे. पाच वर्षं आमच्या बागेला दिवसा पाणी आलं, आईचं रात्रीचं जाणं बंद झालं.

मग २०१९ ला टेलची पाळी आली आणि दादाच अध्यक्ष झाला. ऑक्टोबर छाटणीला पहिलं पाणी आमच्या बागेला, शेजारच्या दीड एकरवाल्याला चौथ्या दिवशी. मी वही मागितली तर म्हणाला, आता आपलाच माणूस आहे ना, वही कशाला, आणि वर स्वभावाचं तेच वाक्य, जो बसेल तो करणारच, मग आपण का नाही. यावरून आमचं जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच की जो बसेल तो करणारच असेल तर त्याच्याचसाठी वही आहे, अण्णांसाठी होती तशी तुझ्यासाठीही.

तुमच्या बाकीच्या प्रश्नाचं, म्हणजे राजेशाही, भांडवलशाही वगैरे, ते अभ्यासकांनी सांगावं. पण माझ्याच उदाहरणांतलं लंगडं सांगायला हवं. फडातली समानता जमीन असलेल्यांपुरती, जागल्याच्या वाट्याला मजुरीचं धान्य. उत्तरमेरूरची सभाही जमीनवाल्या ब्राह्मणांची. ज्याला आतच घेतलं नाही त्याने वही कुठे मागायची? इथे नाशिकला २ मार्च १९३० ला अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह बाबासाहेबांनी सुरू केला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं चालवला तरी मंदिराचं दार उघडलं नाही, तिथे कायदाच यावा लागला. आणि गोदावरीवर खाली मराठवाड्यात असलेल्या जायकवाडी धरणाच्या हिशोबात आम्ही नाशिककर हेडला आहोत. २०१५ ला खाली पाणी सोडायचा आदेश आला तेव्हा इथे केवढा राग होता, मीही चिडले होते, आई मात्र म्हणाली ते टेलवाले आहेत गं.

तर तुमच्या गावात, पतसंस्थेत, बिल्डिंगच्या सोसायटीत कुठेही जा आणि सभेत वही मागा, तुमचा सख्खा भाऊ खुर्चीत असेल तर आधी मागा. दादा, हे तुझ्यापर्यंत कोणीतरी पोचवेलच. यंदाच्या सभेला मी आईला घेऊन येतेय, वही काढून ठेव.