य = २(क्ष − ३)² − ८ : कंसात वजा असताना आलेख उजवीकडे का जातो?

भाऊ, तुमचा मुलगा अकरावीत आहे, कंसात वजा तीन पाहून तो आलेख डावीकडे नेतो, आणि शिरोबिंदू (आलेख जिथे वळतो तो बिंदू) (३, −८) त्याच्याकडून पाठ करून घ्यावा की मोबाईलवर आलेख काढू द्यावा, असं तुम्ही विचारलंय. पाठ अजिबात करून घेऊ नका. वर्ग कधी ऋण होत नाही, त्यामुळे २(क्ष − ३)² ची किंमत शून्याच्या खाली जाऊच शकत नाही. ती शून्य होते क्ष तीन असताना, आणि मग उरतात उणे आठ. म्हणजे आलेखाचा सगळ्यात खालचा बिंदू क्ष = ३ वर, शून्याच्या उजवीकडे. चिन्ह उलटं करा वगैरे नियम नंतर कोणीतरी सोयीसाठी चिकटवलेले आहेत. कंस शून्य कधी होतो, एवढंच विचारायचं.

मी यवतमाळ जिल्ह्यात एका खेड्यातल्या शाळेत गणित शिकवतो. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं ठाम मत होतं, "सर, कायले डोकं खपवता? मायनस बी अपॉन टू ए पाठ करू द्या पोट्ट्याइले, मार्क भेटते." म्हणजे शिरोबिंदूचा क्ष देणारं −ब/२अ हे सूत्र; अ आणि ब हे क्ष² आणि क्ष चे गुणक. त्यांच्याशी माझा वाद बरीच वर्षं चालला.

शाळेच्या मागे परसबाग करायची होती. बकऱ्या शिरायच्या, म्हणून तारेची जाळी आणली होती, २४ मीटर. एका बाजूला शाळेची भिंत, म्हणजे जाळी तीनच बाजूंना लागणार. मी दहावीच्या पोरांना म्हटलं, जास्तीत जास्त जागा घेरून दाखवा. पहिलं उत्तर आलं चौरस: ८ बाय ८, म्हणजे ६४ चौरस मीटर. सगळ्यांना ते पटलंही. मग भिंतीपासून निघणारी बाजू बदलत गेलो. चार घेतली तर ६४, पाच घेतली तर ७०, सहाला ७२, सातला पुन्हा ७०, आठला पुन्हा ६४. मागच्या रांगेत बसणारी, कधी तोंड न उघडणारी एक पोरगी म्हणाली, "सर, सहाच्या इकडून अन् तिकडून सारखंच उतरते ना!" सममिती अक्ष तिनं सांगितला, मी नाही. मग फळ्यावर क्ष(२४ − २क्ष) लिहिलं, पूर्ण वर्ग केला, आणि −२(क्ष − ६)² + ७२ निघालं. सहा आणि बहात्तर दोन्ही समोर दिसत होते. ७२ मधून काहीतरी वजाच होतंय, म्हणून त्याच्यावर जाता येत नाही, हेही पोरांनीच सांगितलं. आमची परसबाग ६ बाय १२ चीच झाली.

सहकारी म्हणाले, माझ्या सूत्रानंही सहाच येतो. येतो ना. पण ते सूत्र पूर्ण वर्ग करूनच निघतं. चार अ ने गुणून वर्ग पूर्ण करायची रीत श्रीधराचार्यांची, भास्कराचार्यांनी ती 'बीजगणित' या ग्रंथात त्यांच्या नावानिशी दिली आहे. दहावीत पूर्ण वर्ग पद्धत शिकवायची आणि त्याच पोराला अकरावीत, माध्यम इंग्रजी झाल्यावर, 'व्हर्टेक्स फॉर्म' (शिरोबिंदू दिसणारं हेच रूप) नवीन म्हणून घोकायला लावायचं, हा खेड्यातल्या पोरांवर अन्याय आहे. त्याला ते आधीच येत असतं.

आता आलेख. लांबलचक टेबल नको. (३, −८) वर टिंब द्या. तिथून एक घर उजवीकडे, दोन घरं वर. पुढच्या घराला सहा वर, त्याच्या पुढच्याला दहा. म्हणजे १, ३, ५ या विषम संख्यांची कंसाबाहेरच्या दोननं गुणून आलेली पट. बिंदू मिळतात (४, −६), (५, ०), (६, १०). डावीकडे तसेच: (२, −६), (१, ०), (०, १०). टिंबं वळणदार जोडा; पट्टीनं जोडू नका, शिरोबिंदूपाशी टोक येतं. कंसाबाहेर ऋण संख्या असेल तर तोंड खाली.

मोबाईलवर आलेख जरूर पाहू द्या, पण हातानं काढल्यानंतर, ताळा म्हणून. आणि परीक्षेत अ·क्ष² + ब·क्ष + क असं सरळ रूप आलं, वेळ कमी असला, तर सूत्र वापरायला माझी हरकत नाही. फक्त ते कुठून आलं हे एकदा त्यानं स्वतः मांडलेलं हवं.

मुलाला −३(क्ष + २)² + १२ द्या. शिरोबिंदू (−२, १२) आणि क्ष-अक्षावरचे −४ व ० त्यानं टेबल न करता सांगितले, तर त्याला पुढचं प्रकरण घेऊ द्या.