समुद्रतळाचे संशोधन आणि न सांगता भरलेली फी

महोदय,

आपली मुलगी भूशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला समुद्रतळाचे नकाशे व सागरी भूशास्त्र यांत संशोधन करायचे आहे. हे मुलींचे काम नाही आणि त्यात शोधण्यासारखे काही उरलेलेही नाही, असे आपले मत असल्याने आपण डेटा सायन्सच्या अभ्यासक्रमाचा पहिला हप्ता तिला न सांगता भरला आहे आणि तिची समजूत मी घालावी, असे आपण लिहिता. ही विनंती मला मान्य करता येत नाही.

आपल्या पत्रात तिचे वर्षवार गुण आहेत, नात्यातल्या मुलांचे पगार आहेत; तिला हा विषय का आवडतो, याबद्दल मात्र एकही वाक्य नाही. आपली काळजी खरी आहे, पण काळजीपोटी घेतलेला निर्णय जिच्यासाठी घेतला तिच्यापासूनच लपवावा लागत असेल, तर तो निर्णय चुकला आहे. हप्त्याची पावती एक दिवस तिच्या हाती लागेलच. त्यानंतर ती आपल्याशी या विषयावर बोलणे थांबवेल, आणि पुढे पीएच.डी.च्या मध्यावर काम अडून तिला वडिलांच्या आधाराची खरी गरज पडेल, तेव्हाही ती आपल्याकडे येणार नाही. मला तिच्या गुणांपेक्षा याची चिंता अधिक वाटते.

राहिला मुलींचे काम नसल्याचा मुद्दा. १९४८ पासून कोलंबिया विद्यापीठात काम करणाऱ्या मेरी थार्प यांना त्या काळी संशोधनाच्या जहाजावर जाऊ देत नसत. जहाजांनी नोंदवलेले खोलीचे आकडे त्या कागदावर मांडत, आणि त्यातूनच त्यांना अटलांटिकच्या मध्यावरील पर्वतरांगेच्या माथ्यावर दरी दिसली. ती समुद्रतळ दुभंगत असल्याची खूण होती. सहकारी ब्रूस हेझन यांनी ही कल्पना आधी बायकी बडबड म्हणून उडवून लावली. भूकंपांची केंद्रे त्याच दरीत पडतात असे नकाशावर दिसल्यावर मात्र त्यांना ती मानावी लागली. आज स्त्रिया अशा सागरी मोहिमांचे नेतृत्व करतात, त्यामुळे या मुद्द्यावर आपण आणखी वेळ घालवू नये.

सगळा तळ मोजून झाला आहे, हा गैरसमज मात्र सविस्तर दूर करायला हवा, कारण संगणकावरच्या निळ्या नकाशात तळाचे डोंगर दिसतात आणि कोणाचाही तसा समज होतो. उपग्रहाचे रडार पाण्यातून तळापर्यंत पोहोचत नाही. ते समुद्राच्या पृष्ठभागाची उंची मोजते. तळावरच्या डोंगराच्या गुरुत्वाकर्षणामुळे वरचे पाणी किंचित फुगते, आणि त्या फुगवट्यावरून खोलीचा अंदाज बांधला जातो. या अंदाजात काही किलोमीटरपेक्षा लहान तपशील हरवतात. प्रत्यक्ष मोजणी जहाजाखालच्या मल्टिबीम सोनारने, म्हणजे एकाच वेळी ध्वनीचे अनेक झोत तळाकडे सोडणाऱ्या यंत्राने, होते: ध्वनी पाण्यातून सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, म्हणजे ४,००० मीटर खोलीवरून प्रतिध्वनी परतायला पाच सेकंदांहून अधिक लागतात, आणि जहाज संथपणे पट्ट्यामागून पट्टा मोजत जाते. २०१४ मध्ये हिंदी महासागरात बेपत्ता विमानाचा शोध घ्यायचा होता, तेव्हा खोल पाण्यातला शोध सुरू करण्याआधी तिथला तळच मोजावा लागला होता. संपूर्ण तळाच्या नकाशासाठी २०१७ मध्ये 'सीबेड २०३०' हा आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. तरी अजून जेमतेम पाव भागाच्या आसपासच प्रत्यक्ष मोजला गेला आहे.

आता दोन स्पष्ट गोष्टी मुलीसाठी. या क्षेत्रात जहाजावरचे दिवस थोडे आणि पडद्यासमोरचे फार असतात. पाण्याचे तापमान आणि क्षारता बदलली की ध्वनीचा वेग बदलतो. ती दुरुस्ती चुकली, तर सपाट तळाच्या पट्ट्याच्या दोन्ही कडा वर वळलेल्या दिसतात, आणि नवखा अभ्यासक तिथे दरी असल्याचे लिहून मोकळा होतो. असे दोष ओळखून काढण्यात आठवडेच्या आठवडे जातात. तेवढी चिकाटी नसेल, तर नुसत्या समुद्राच्या ओढीवर हे करिअर निभणार नाही. दुसरे म्हणजे, संशोधनातल्या कायम जागा कमी आहेत. समुद्राखालच्या केबल, बंदरे आणि समुद्रातल्या पवनचक्क्या यांच्यासाठी सर्वेक्षण करणाऱ्या कंपन्यांनाही हेच कौशल्य लागते, म्हणून हायड्रोग्राफीचे, म्हणजे पाण्याची खोली आणि तळ मोजण्याच्या शास्त्राचे, प्रशिक्षण तिने जोडीला ठेवावे. प्रवेशासाठी जॅम, गेट आणि नेट या परीक्षा आहेतच. भूशास्त्राच्या विद्यार्थिनीला त्या नव्याने समजावून सांगायला नकोत.

प्रोग्रॅमिंग तिला याही कामात लागेल, त्यामुळे तो अभ्यासक्रम सर्वस्वी वाया जाईल असे नाही. पण तो करायचा की नाही, हे तिला ठरवू द्या. पुढचा हप्ता भरण्याआधी पहिला हप्ता भरल्याचे आपण स्वतः तिला सांगावे. तिने 'जेब्को' या समुद्रतळाचे नकाशे करणाऱ्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा जागतिक खोलीचा डेटा मोफत उतरवून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावा, तीन-चार आठवडे एकाच भागावर काम करावे, आणि त्यातल्या कोणत्या ठिकाणी तिला प्रश्न पडला ते मला तिच्याच शब्दांत लिहून पाठवावे. त्या पत्रात गुणांची यादी नको.