ऑपरेशनला ३ वर्षं झाली, आता शब्द परत येतील का?

प्रश्न: माझे मिस्टर ४१ वर्षांचे आहेत. लहानपणापासून फिट्स यायच्या, गोळ्यांनी आटोक्यात येईनात म्हणून ३ वर्षांपूर्वी डाव्या टेम्पोरल लोबचं (मेंदूचा कानाजवळचा भाग) ऑपरेशन केलं, तेव्हापासून एकही फिट नाही. पण शब्द अडतात. किसणी हवी असली की "ते गं, खोबऱ्याचं ते दे", आणि शेजाऱ्यांचं नाव ओठावर येऊन थांबतं. सासूबाई म्हणतात हल्ली सुधारलंय. एवढ्या उशिरा मेंदू खरंच बदलतो का, की आम्हालाच सवय झालीय? – एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, सासूबाईंचं म्हणणं खरं असू शकतं. आधी हे सांगते की हा त्रास काही जगावेगळा नाही, डाव्या बाजूच्या या ऑपरेशननंतर साधारण तीनातल्या एकाला वस्तूंची नावं आठवायला जड जातं, आणि माणसांची नावं तर त्याहून जास्त, कारण डाव्या टेम्पोरल लोबचं पुढचं टोक नावं शोधायच्या कामात असतं आणि नेमकं तेच काढलेलं असतं. किसणी म्हणजे काय, ती कशाला वापरतात हे त्यांना पक्कं माहितीये, फक्त नाव हाताला लागत नाही.

आता बदलाचं. बऱ्याच लोकांना वाटतं डावी बाजू गेली की उजवी सगळं सांभाळते. लहान मुलांमध्ये हे बऱ्याच प्रमाणात होतं, अर्धा मेंदू काढावा लागलेली मुलंही पुढे बोलतात. मोठ्या माणसात उजवी बाजू मदतीला येते खरी, पण मुख्य भार बहुतेकदा डावीकडच्याच उरलेल्या भागावर येतो. २०१० साली लंडनच्या संशोधकांनी ऑपरेशनच्या आधी आणि नंतर स्कॅन करून पाहिलं तर काही महिन्यांतच डाव्या बाजूच्या काही तंतूंच्या रचनेत बदल दिसले, आणि ज्यांच्यात ते जास्त त्यांची भाषा जास्त टिकलेली. आणि मिस्टरांना लहानपणापासून फिट्स होत्या म्हणताय, अशा लोकांत भाषेचं थोडं काम ऑपरेशनच्या आधीच उजवीकडे सरकलेलं असू शकतं, म्हणून तर भाषा कुठल्या बाजूला आहे हे बघायला आधी फंक्शनल एमआरआय (बोलताना मेंदूचा कुठला भाग काम करतो ते दाखवणारा स्कॅन) किंवा वाडा टेस्ट (मेंदूची एक बाजू थोडा वेळ औषधाने बधिर करून केलेली तपासणी) करतात.

वर्षांचं म्हणाल तर जर्मनीतल्या बॉनच्या डॉक्टरांनी पेशंट २ ते १० वर्षं पाहिले, २००३ साली ते छापून आलं, त्यात फिट्स पूर्ण थांबलेल्यांची बौद्धिक कामगिरी पुढेही सावरत गेलेली दिसली. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण फिट्स चालू असल्या तर मेंदूला पुन्हा घडी बसवायला उसंतच मिळत नाही. म्हणून बरं वाटतंय म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका, प्लीज.

पण गोळ्यांची नावं एकदा बघा. त्यात टोपिरामेट असेल तर त्या गोळीनेही शब्द अडतात, आणि सगळा दोष ऑपरेशनवर जातो. डॉक्टरांना विचारा, बदलता येते का ते.

घरात काय करायचं, तर ते अडले की लगेच शब्द पुरवू नका, थोडा वेळ द्या, "कशाला वापरतात? कुठे ठेवतो आपण?" असं विचारा, नाहीच आलं तर पहिलं अक्षर सांगा. पाहुण्यांसमोर "सांगा बरं याचं नाव काय" असली परीक्षा अजिबात नको. आणि स्पीच थेरपिस्टकडे ३ वर्षांनीसुद्धा जा, उशीर झालेला नाही. मात्र बोलणं अचानक बिघडलं तर थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

सुधारणा खरी की सवय, हे ठरवायचं असेल तर ऑपरेशनच्या आधी नावं सांगायची चाचणी झाली असेल तिचा रिपोर्ट काढा आणि तीच चाचणी त्याच भाषेत परत करून घ्या. चित्र बघून नाव सांगायची बोस्टनची ६० चित्रांची चाचणी खूप ठिकाणी वापरतात, त्यात बीव्हर, इग्लू, प्रेट्झेल अशी चित्रं आहेत, आपल्याकडच्या धडधाकट माणसालाही प्रेट्झेल ओळखता येईल असं नाही. तेव्हा मराठीत, आपल्या रोजच्या वस्तूंवर चाचणी घेणारं कोणी आहे का, हे न्यूरोसायकॉलॉजिस्टला (स्मरण, भाषा अशा मेंदूच्या कामांच्या चाचण्या घेणारे तज्ज्ञ) आधी विचारून घ्या.