वाचकांचे प्रश्न: फिनिक्सच्या उन्हाळ्यात थंड हवेला जायचं तरी कुठे?

मे लागला की या सदराकडे येणारे निम्मे प्रश्न ॲरिझोनातून येतात आणि ते सगळे एकाच गोष्टीभोवती फिरतात, उकाडा. मी स्वतः बरीच वर्षं फिनिक्सच्या जवळ राहते, म्हणून या वेळचं सगळं पानच त्याला दिलंय.

ताई नमस्कार, आम्ही डिसेंबरमधे फिनिक्सजवळ चँडलरला आलो. तेव्हा वाटलं होतं काय सुंदर हवा आहे, आणि आता दुपारी गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही. मुलांना पाण्यावर जायचंय. नकाशात सवारो लेक, कॅनियन लेक, लेक प्लेझंट सगळे तासाभरावर दिसतात, तर शनिवारी दुपारी जायचं म्हणतोय. सोबत काय काय घ्यावं?

आधी एक कळकळीची विनंती, शनिवारी दुपारी जाऊ नका. नवीन आलेल्या जवळजवळ प्रत्येक घराची पहिल्या उन्हाळ्यात हीच चूक होते, आमचीही झाली होती. आपल्या डोक्यात तळं म्हटलं की गारवा असं पक्कं बसलेलं असतं, पण फिनिक्सच्या आसपासचे हे सगळे लेक म्हणजे वाळवंटातल्या नद्यांवर धरणं बांधून अडवलेलं पाणी आहे (सॉल्ट नदीवरचं रूझवेल्ट धरण १९११ साली पुरं झालं, बाकीची त्याच्या मागोमाग) आणि सवारो लेकची उंची जेमतेम दीड हजार फूट. फिनिक्स साधारण अकराशे फुटांवर. म्हणजे हवा तीच, झळ तीच, वर पाण्यावरून डोळ्यात येणारं ऊन वेगळं. आम्ही गेलो तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती, किनाऱ्यावरच्या बाकावर तिला बसवलं आणि ती किंचाळून उठली, मांड्यांवर लाल वळ उमटले होते, अर्ध्या तासात सगळं आवरून घरी आलो. लेक हवासू तर त्याहून पुढचं उदाहरण, नावातच लेक आहे आणि ॲरिझोना राज्यातलं आजवरचं सगळ्यात जास्त तापमान तिथलंच आहे, जून १९९४ मधे १२८ फॅरनहाइट, म्हणजे ५३ सेल्सियसच्या वर.

जागा निवडताना नकाशात पाण्याचा निळा रंग शोधू नका, उंचीचा आकडा शोधा. हवा वर चढते तशी पसरते आणि पसरताना गार होते, त्यामुळे दर हजार फुटांमागे साधारण चार डिग्री फॅरनहाइट कमी होतात असं धरून चालायचं. फ्लॅगस्टाफ सात हजार फुटांवर आहे, जुलैत फिनिक्सला दुपारी १०६-१०७ असतं तेव्हा तिकडे ८२-८३ च्या आसपास, आणि अंतर किती, तर अडीच तासांचा रस्ता. इतका फरक इतक्या कमी वेळात मिळतो हे या प्रदेशाचं भाग्यच म्हणायचं.

तुम्हाला पाणी आणि गारवा दोन्ही हवं असेल तर माझं पहिलं बोट वूड्स कॅनियन लेककडे. फिनिक्सहून ८७ नंबरच्या रस्त्याने पेसन, तिथून २६० ने पूर्वेला वर चढलं की मोगोयोन रिम लागते, इथले लोक मगीयोन म्हणतात आणि बहुतेक वेळा नुसतं रिम. सुमारे दोनशे मैल लांब कडा आहे हा, सह्याद्रीच्या कड्यावरून कोकण दिसावं तसं खाली जंगलच जंगल दिसतं. लेक साडेसात हजार फुटांवर, भोवती पाँडेरोसा पाइन, पेट्रोलच्या बोटींना बंदी आहे त्यामुळे पाणी शांत, नाव आणि कयाक भाड्याने मिळते. मुलांना एक गोष्ट नक्की करायला लावा, मोठ्या नारिंगी सालीच्या पाइनला नाक टेकवून त्याच्या भेगेत वास घ्यायचा, ऊन पडलेलं असेल तर व्हॅनिलाचा वास येतो. माझी मुलगी आता कॉलेजात आहे तरी गाडीतून उतरली की आधी झाडाकडे जाते.

फक्त शनिवारी सकाळी सहाच्या आत घर सोडा, नऊ वाजल्यानंतर तिथे पार्किंग मिळणं कठीण. आणि सवारो लेक वाईट नाही हो, नोव्हेंबर ते मार्च जा, फार सुरेख आहे.

आई-बाबा पुण्याहून मे ते ऑगस्ट आमच्याकडे येतायत, मुलांच्या सुट्ट्या तेव्हाच असतात म्हणून. मागच्या खेपेला बाबा दोन महिने घरात कोंडल्यासारखे झाले, सकाळी सहाला फिरायला निघाले तरी घामाघूम होऊन परत. बाबांना बीपी आहे, आईचे गुडघे दुखतात. त्यांना कुठे नेता येईल?

तुमचं पत्र वाचून मला माझे सासरे आठवले, खिडकीशी खुर्ची टाकून रिकाम्या रस्त्याकडे बघत बसायचे. फिनिक्सला खरा त्रास दुपारचा नाहीच, दुपारी काय सगळेच घरात असतात, त्रास रात्रीचा आणि पहाटेचा आहे. डांबर, काँक्रीट, भिंती दिवसभर तापतात आणि रात्रभर ती उष्णता बाहेर टाकत राहतात, १९ जुलै २०२३ ला तर रात्रीचं किमान तापमानच ९७ फॅरनहाइट होतं, ३६ सेल्सियस, आणि त्याच उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ११० किंवा त्याच्या वर गेला होता. मग सकाळी सहाला तरी गार कुठून असणार?

बीपी आहे म्हणून आधी डॉक्टरांना विचारा, हे मी टाळून पुढे जाणार नाही. त्यांनी हो म्हटलं तरी पहिल्या खेपेला एकदम आठ-नऊ हजार फुटांवर नेऊ नका. प्रेस्कॉट किंवा पेसन पाच हजारांच्या आसपास आहेत, तिथे दोन रात्री काढून बघा, दुपार नव्वदीच्या आसपास पण सकाळ-संध्याकाळ अंगणात बसण्यासारखी. प्रेस्कॉटचा वॉटसन लेक म्हणजे गोलसर ग्रॅनाइटच्या खडकांमधे निळं पाणी, पोहायला बंदी आहे पण तुमच्या आई-बाबांना बघत बसायला पुरे आहे. ते मानवलं की मग फ्लॅगस्टाफ. तिथे बफेलो पार्क आहे, दोन मैलांची जवळजवळ सपाट गोल वाट, समोर सॅन फ्रान्सिस्को पीक्स (त्यातलं हम्फ्रीज पीक १२,६३३ फूट, राज्यातलं सगळ्यात उंच), बाबांना सकाळी सहाला तिथे सोडा आणि स्वेटर द्या, जुलैत सुद्धा पहाटे ५० फॅरनहाइट म्हणजे दहा सेल्सियस असतं. पहिल्या दिवशी मात्र फिरणं नको, नुसतं जेवण, पाणी आणि झोप. डोकं दुखलं, मळमळलं, धाप लागली तर वाट न बघता खाली उतरायचं. वॉलनट कॅनियनला जुनी घरं बघायला खाली उतरणारी वाट आईंसाठी टाळा, दोनशेच्या वर पायऱ्या आहेत आणि त्या परत चढाव्या लागतात. त्यापेक्षा संध्याकाळी लॉवेल वेधशाळा, १९३० साली प्लूटो तिथे सापडला, आणि शहरातले दिवे मुद्दाम मंद ठेवतात म्हणून आकाश असं दिसतं की बाबा तासभर मान खाली करणार नाहीत.

जमत असेल तर दोन दिवसांच्या चार ट्रिपा करण्यापेक्षा जूनमधे एकदाच आठवडाभराची कॅबिन घ्या, तुम्ही तिथूनच ऑफिसचं काम करा. वयस्कर माणसांना रोज नवीन गाव नको असतं, एक ओळखीची वाट हवी असते.

टुसॉनला शिकते, गाडी रूममेटची, वेळ एक दिवस. काहीतरी सांगा ना ताई!

अगं, तुझ्या तर डोक्यावरच आहे, माउंट लेमन. घाटाचा रस्ता सत्तावीस मैलांचा, खाली सवारो निवडुंग, मग ओक, मग पाइन, आणि वर समरहेवन गावाजवळ थेट फर आणि ॲस्पन, शिखर ९,१५७ फूट. मेक्सिकोतून निघून कॅनडात पोचावं तसं सगळं दीड तासात बदलतं. खिडकी उघडी ठेव म्हणजे कुठल्या वळणावर हवा बदलते ते कळेल. वाटेत रोझ कॅनियन लेक आहे, छोटासाच, पण झाडीत. हा रस्ता कैद्यांनी बांधला, १९३३ ते १९५०, आणि खालच्या बाजूला गॉर्डन हिराबायाशींच्या नावाची कॅम्पची जागा लागते, दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांवरच्या हुकूमांना नकार देणारा हा तुझ्यासारखाच विद्यार्थी, त्याला इथल्याच तुरुंग-छावणीत ठेवलं होतं. तिथे दोन मिनिटं थांब. पेट्रोल खालीच भर, वर पंप नाही.

दरवर्षी जूनमधे कॅम्पिंगला जातो, रात्री शेकोटी, कणसं, गाणी. यंदा रेंजरने शेकोटी विझवायला लावली. इतकं कडक कशाला? मुलांचा हिरमोड झाला.

मुलांचं वाईट वाटलं, पण मी रेंजरच्याच बाजूने आहे. मे-जून हे इथल्या जंगलाचे सगळ्यात कोरडे महिने, हिवाळ्याचा बर्फ वितळून गेलेला आणि पाऊस अजून लांब, पाइनच्या सुया पायाखाली पापडासारख्या मोडतात. २००२ च्या जूनमधे रोडिओ-चेडिस्की वणव्यात सुमारे ४ लाख ६८ हजार एकर जळालं, दोन आगी मिळून एक झाली होती, एक मुद्दाम लावलेली आणि दुसरी वाट चुकलेल्या बाईने मदतीसाठी धूर दिसावा म्हणून पेटवलेली. त्या बिचारीच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि तरीही. मी त्या भागातून बऱ्याच वर्षांनी गेले तेव्हाही काळे बुंधे उभे होते.

निघायच्या आदल्या दिवशी त्या-त्या नॅशनल फॉरेस्टचे निर्बंध तपासायचेच, ते टप्प्याटप्प्याने कडक होत जातात, शेवटी जंगलच बंद करतात. खटक्याने बंद करता येणारी गॅसची शेगडी बऱ्याचदा चालते, कणसं त्यावर भाजा. गाडी वाळक्या गवतावर उभी करू नका, खालचा तापलेला पाइप आग लागायला पुरतो. शेकोटी हवीच असेल तर ऑगस्टचा शेवट गाठा.

जुलैत पावसाळा असतो म्हणे तिकडे? मग डोंगरात जावं की नाही?

जावं, माझा तर तोच आवडता काळ. अधिकृत मॉन्सून १५ जून ते ३० सप्टेंबर, पण खरा जोर जुलै-ऑगस्टला. सकाळ लख्ख, अकरानंतर ढग डोंगरावर चढायला लागतात, दोनपर्यंत गडगडाट. म्हणून बोट, पोहणं, शिखर जे काही असेल ते सकाळी, आणि बाराच्या आत पाण्याबाहेर आणि कड्यापासून लांब. गडगडाट ऐकू आला की गाडीत बसायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं.

ओढ्यांबद्दल मात्र मला जरा जास्त सांगायचंय. तुमच्या डोक्यावर निळं आकाश असतं आणि दहा मैल वर पाऊस पडून गेलेला असतो. जुलै २०१७ मधे पेसनजवळ ओढ्यातल्या डोहावर एक कुटुंब उन्हातून गारव्यासाठी आलं होतं, वाढदिवस होता, वरून लोंढा आला आणि त्यांच्यातली दहा माणसं गेली. वरच्या भागात जळालेलं जंगल होतं, तिथली जमीन पाणी पिऊन घेत नाही, राख आणि ओंडके घेऊन सगळं खाली येतं. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या वाहत आल्या, आवाज वाढला, तर सामान सोडा आणि वर चढा. आणि रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, कितीही उथळ दिसू दे.

आमची गाडी मागच्या वर्षी फ्लॅगस्टाफच्या घाटात गरम होऊन बंद पडली, दोन लहान मुलं सोबत, तासभर रस्त्याच्या कडेला. आता जायचीच भीती बसलीय.

भीती बसणारच, ११० मधे तासभर म्हणजे खेळ नाही. फिनिक्सहून फ्लॅगस्टाफला जाणाऱ्या आय-१७ महामार्गावर ब्लॅक कॅनियन सिटीपासून सनसेट पॉइंटपर्यंतचा चढ हा सगळ्या गाड्यांची परीक्षा आहे. निघायच्या आठवड्यात कूलंट, रेडिएटरचे पाइप, टायर आणि बॅटरी तपासून घ्या, इथे उन्हाने बॅटरी दोन-तीन वर्षांत संपते. चढावर इंजिनच्या तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवा, वर सरकायला लागला तर एसी बंद, खिडक्या उघड्या, हीटर फुल. उन्हाळ्यात हीटर म्हटलं की मुलं ओरडतील, पण इंजिनातली उष्णता तिकडून बाहेर पडते. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीच उघडायचं नाही. माणशी एक गॅलन पाणी, छत्र्या, एक जुनी चादर सावलीसाठी. शुक्रवारी चार ते आठ आणि रविवारी दुपारनंतर अख्खं फिनिक्स त्याच रस्त्यावर असतं, तेव्हा शनिवारी पहाटे निघा आणि सोमवारी सकाळी परत या, किंवा रविवारी जेवायच्या आत.

व्हाइट माउंटन्सला कॅबिन घेतलीय, पाइनटॉपला. हॉली लेक बघायचाय. आणि एक बारीकसा प्रश्न, गेल्या वेळी तिकडे भातही कच्चा राहिला आणि डाळही, असं का होतं?

हॉली लेक आठ हजार फुटांच्या वर आहे, राज्यातली सगळ्यात कडाक्याची थंडी तिथेच नोंदली गेलीय, जानेवारी १९७१ मधे उणे ४०. पण ती जमीन व्हाइट माउंटन अपाची या इथल्या मूळ रहिवासी लोकांची आहे, त्यामुळे राज्याचं लायसन्स तिथे चालत नाही, मासेमारी, कॅम्पिंग, नुसतं फिरणं, सगळ्याला त्यांचंच परमिट लागतं, ते आधी काढा. त्यांच्या घरी पाहुणे म्हणून जातोय हे लक्षात ठेवून वागायचं. फिनिक्सहून जाताना यूएस ६० ने गेलात तर सॉल्ट रिव्हर कॅनियनचा घाट लागेल, उतारावर सारखा ब्रेक न दाबता खालचा गिअर टाका.

डाळीचं म्हणाल तर तुमची काही चूक नाही. वर हवेचा दाब कमी, त्यामुळे सात हजार फुटांवर पाणी ९३ सेल्सियसलाच उकळतं (येताना गाडीत चिप्सची पाकिटं फुगून टम्म झालेली बघितली असतील, कारण तेच). पाणी उकळतंय असं दिसतं पण डाळीला हवी तेवढी उष्णता मिळतच नाही. घरून कुकर न्या, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजवायच्या भानगडीत पडू नका, डाळ निघायच्या आधी तासभर भिजवा आणि घरी तीन शिट्ट्या करत असाल तर तिकडे पाच करा. भाताला पाणी जरा जास्त आणि झाकण घट्ट. राजमा-छोले रात्रभर भिजवूनही त्रास देतात, ते मी घरूनच शिजवून कूलरमधून नेते.