तळेगावात राहून खडकीच्या लष्करी आस्थापनेत रोज ये-जा करणे जमेल का?

आपण पुढील महिन्यात खडकीतील एका लष्करी आस्थापनेत नागरी कर्मचारी म्हणून रुजू होणार आहात आणि घरभाडे परवडते म्हणून तळेगावात राहू पाहता, असे आपण लिहिले आहे. मी स्वतः तळेगावहून एकोणीस वर्षे खडकीला नोकरी केली, त्यामुळे जमेल, एवढे खात्रीने सांगतो. मात्र वेळेचा हिशेब स्टेशनपासून स्टेशनपर्यंत न करता घराच्या उंबऱ्यापासून हजेरीपर्यंत करावा.

पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली, तेव्हापासून खडकी, दापोडी, देहूरोड येथील कामगारांचा तिच्यावर भरवसा आहे. तळेगावहून खडकीला चाळीस मिनिटांच्या आसपास लागतात. खरा वेळ जातो तो उतरल्यावर. लष्करी हद्दीमुळे समोर दिसणारी वाट बंद असते आणि वळसा घालावा लागतो. गेटवर ओळखपत्र पाहिले जाते, झडती होते, आणि काम दारूगोळ्याशी संबंधित असेल तर मोबाइल, काडेपेटी, लायटर बाहेरच ठेवावे लागतात. पाळी भरण्याच्या वेळी सगळेच एकदम गेटवर येतात, म्हणून वीस मिनिटे हाताशी हवीतच. गाडी दहा मिनिटे रखडल्यामुळे माझा अर्धा दिवस कितीदा तरी कापला गेला, आणि कारण कोणी ऐकून घेतले नाही. शेवटी मी आधीची गाडी धरू लागलो.

परतीचा प्रवास अधिक कठीण. मोबाइल जवळ नसल्याने गाडी रद्द झाल्याचे फलाटावर आल्यावरच कळे. माझ्या काळात दुपारी लोकलमध्ये मोठा खंड पडे. लवकर सुटका झाली तरी स्टेशनवरच ताटकळावे लागे. त्याहून जिवाला लागे ते हे, की घरी कोणी आजारी असले तरी दिवसभर निरोप पोहोचत नसे. म्हणून आपल्या विभागाचा दूरध्वनी क्रमांक पहिल्याच दिवशी घरी लिहून द्यावा.

आता मेट्रोने पिंपरीपर्यंत येता येते; लोकल बंद पडल्यास तिथून बस मिळते. रोजच्यासाठी मात्र लोकलच सोयीची.

जवानांची अडचण निराळी असते. क्वार्टर मिळेपर्यंत कुटुंब बाहेर भाड्याने राहते, आणि मुलांची शाळा, बाजारहाट, दवाखाना यांसाठीची सारी धावपळ पत्नीवर पडते. घडी बसते न बसते तोच बदलीचा हुकूम येतो. त्यांच्या या ओढाताणीकडे फारसे कोणी पाहत नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

घराची अनामत देण्यापूर्वी एखाद्या सोमवारी, आपल्याच पाळीच्या वेळेला, तळेगावहून गेटपर्यंत एकदा जाऊन पाहावे.