मत कागदावर की यंत्रात? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : जर्मनी आणि नेदरलँड्सने मतदानयंत्रे बंद केली. म्हणजे तिथे निवडणुकीत घोटाळा सापडला होता का?

नाही. दोन्ही देशांची कारणे वेगळी आहेत. जर्मनीत २००५ च्या संसदीय निवडणुकीत काही ठिकाणी नेडॅप कंपनीची यंत्रे वापरली गेली. मत फक्त यंत्राच्या मेमरीत जायचे, कागद कुठेच नव्हता. ३ मार्च २००९ रोजी तिथल्या घटना न्यायालयाने हा वापर घटनाबाह्य ठरवला. गडबडीचा पुरावा नसल्याने निवडणूक मात्र रद्द केली नाही. न्यायालयाचे म्हणणे होते की मतदान आणि मोजणीतले महत्त्वाचे टप्पे तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही स्वतः तपासता आले पाहिजेत. ही अट पाळणारे यंत्र वापरायला या निकालाची आडकाठी नाही, हे बहुतेक चर्चांत सुटून जाते.

नेदरलँड्समध्ये २००६ साली कार्यकर्त्यांच्या एका गटाने नेडॅपचेच यंत्र मिळवले, आतली प्रोग्रॅमची चिप बदलली आणि ते सांगाल तसा निकाल देते हे दाखवून दिले. त्याहून गंभीर गोष्ट पडद्याची निघाली. एका पक्षाच्या नावात स्वरचिन्ह असलेले एक अक्षर होते. ते दाखवताना पडद्यातून निघणाऱ्या रेडिओ लहरी बदलत. त्यामुळे काही मीटरवर रिसीव्हर घेऊन बसलेल्या माणसाला त्या पक्षाला मत पडल्याचे कळू शकत होते. म्हणजे गुप्त मतदानच उरले नाही. २००८ मध्ये सरकारने कागद आणि लाल पेन्सिलकडे परतायचे ठरवले. आयर्लंडने तर ५ कोटी युरोंहून अधिक खर्चून अशीच यंत्रे घेतली, २००२ मध्ये मोजक्या ठिकाणी वापरली आणि शेवटी भंगारात काढली.

प्रश्न : मग सरळ मतपत्रिकाच का नको? कागदात काय चुकू शकते?

बरेच काही, आणि बहुतेक वेळा ते मतपेटीच्या बाहेर चुकते.

ऑस्ट्रियात २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या दुसऱ्या, निर्णायक फेरीत विजयाचा फरक ३०,८६३ मतांचा होता. काही जिल्ह्यांत टपाली मतांचे लिफाफे ठरल्या वेळेआधी आणि मोजणी समितीच्या गैरहजेरीत उघडले गेले होते. एकही मत बदलल्याचे सिद्ध झाले नाही, तरी घटना न्यायालयाने १ जुलैला ती फेरी रद्द केली, कारण मते बदलायला वाव राहिला होता आणि तेवढे पुरेसे होते. फेरमतदान ऑक्टोबरमध्ये ठरले. तेव्हा टपाली लिफाफ्यांचा गोंद निघायला लागला, म्हणून ते ४ डिसेंबरला घ्यावे लागले.

ऑस्ट्रेलियात २०१३ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या सिनेट निवडणुकीच्या फेरमोजणीत सुमारे १,३७० मतपत्रिका सापडल्याच नाहीत. निकाल इतका चुरशीचा होता की २०१४ मध्ये सगळ्या राज्याने पुन्हा मतदान केले. मलावीत २०१९ साली मतपत्रिका जागेवर होत्या, पण निकालपत्रकांवरचे आकडे पांढऱ्या शाईने खोडून बदललेले होते. न्यायालयाने २०२० च्या फेब्रुवारीत निवडणूक रद्द केली आणि जूनमध्ये पुन्हा झालेल्या मतदानात विरोधी उमेदवार निवडून आला.

हाताने मोजणी करताना दोन कामे वेगळी ठेवायची असतात. आधी पेटीतल्या पत्रिकांची नुसती संख्या मोजून ती केंद्रावर दिल्या गेलेल्या पत्रिकांशी जुळवायची. या टप्प्यात मत कोणाला हे बघायचेच नाही. मग उमेदवारवार वाटणी करायची, सारख्या संख्येचे गठ्ठे बांधायचे आणि प्रत्येक गठ्ठा दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजायचा. पहिला टप्पा घाईत उरकला, तर नंतर आकडा जुळत नाही तेव्हा चूक मोजणीत आहे की पेटीत, हे सांगता येत नाही. चुकीच्या गठ्ठ्यात गेलेली पत्रिका आणि पत्रकात उलटसुलट लिहिलेला आकडा या हातमोजणीच्या नेहमीच्या चुका. दोन्ही सापडतात, कारण कागद हातात असतो.

शिक्क्याचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. भारतीय मतपत्रिकेवर मत देताना मारायच्या शिक्क्याची खूण, म्हणजे बाणफुली, मुद्दाम तशी वळणदार केलेली आहे. पत्रिका घडी करताना ओली शाई समोरच्या नावावर उमटली, तर तिथली बाणफुली उलट दिशेला वळलेली दिसते आणि खरा ठसा कोणता ते लगेच कळते. साधी फुली असती तर अशी कित्येक मते बाद झाली असती.

प्रश्न : यंत्राची चाचणी नीट झाली असेल, तर प्रत्येक मताची कागदी चिठ्ठी कशाला?

चाचणी आदल्या दिवसापर्यंतची खात्री देते. मतदानाच्या दिवशी काय घडेल ते ती सांगू शकत नाही. १८ मे २००३ रोजी ब्रुसेल्सजवळच्या स्कारबेकमध्ये एका उमेदवाराला शक्यच नाहीत इतकी मते दिसली. मतदारांची चुंबकीय कार्डे जपून ठेवलेली होती, म्हणून ती पुन्हा वाचता आली. फरक निघाला बरोबर ४,०९६ मतांचा. संगणक आकडा शून्य आणि एक अशा बिटांत ठेवतो. तेराव्या बिटातला शून्य आपोआप एक झाला की नेमकी ४,०९६ ची भर पडते. प्रोग्रॅममध्ये दोष सापडला नाही. अवकाशातून आलेल्या एखाद्या कणाने तो बिट उलटला असावा, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. आकडा अशक्य होता म्हणून हे लक्षात आले. तोच उमेदवार मोठा असता तर कोणी बघितलेही नसते.

फ्लोरिडातल्या सारासोटा परगण्यात २००६ साली कागद नव्हता. स्पर्शपडद्याच्या यंत्रांवर सुमारे १८,००० मतदारांचे एका लढतीतले मत कोरे निघाले आणि निकाल लागला ३६९ मतांनी. पडद्याची मांडणी फसवी होती, मतदारांनी मुद्दाम मत टाळले की यंत्र चुकले, यावर वाद झाला. पण परत मोजायला काहीच हाती नव्हते.

प्रश्न : चिठ्ठ्या किती मोजल्या म्हणजे खात्री होईल?

ठरावीक टक्के सांगणे ही इथली सर्रास चूक आहे. एका मतदारसंघात १,००० यंत्रे आहेत आणि त्यांतली १० बिघडलेली आहेत असे धरा. यादृच्छिक ५ यंत्रे तपासली, तर बिघडलेले एखादे हाती लागण्याची शक्यता जेमतेम ५ टक्के. ती ९५ टक्क्यांवर न्यायची तर सुमारे २६० यंत्रे तपासावी लागतील. भारतात २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेले मत चिठ्ठीवर छापून मतदाराला दाखवणाऱ्या यंत्रांच्या, चिठ्ठ्या मोजतात. सगळीकडे पसरलेली गडबड यातून उघडी पडेल, कारण देशभराची बेरीज मोठी होते. एकाच जागेच्या अटीतटीच्या निकालाबद्दल मात्र ही मोजणी फार थोडे सांगते.

चांगला मार्ग म्हणजे तपासणीचा आकार विजयाच्या फरकावर ठरवणे. अमेरिकेतल्या कोलोरॅडोने २०१७ पासून हे राज्यभर केले. निकाल खरोखर चुकीचा असेल, तर तो तपासणीतून निसटण्याची शक्यता किती चालेल ते आधी ठरवतात. ती ५ टक्के धरली आणि फरक १० टक्के असला, तर यादृच्छिक काढलेल्या साधारण ६०० मतपत्रिका पुरतात. फरक २ टक्के असला तर १५,००० च्या आसपास लागतात. यंत्राने प्रत्येक कागदाची स्वतंत्र नोंद ठेवली असेल आणि कागद त्या नोंदीशी ताडून बघता येत असेल, तर हेच आकडे साधारण ६६ आणि ३३० वर येतात. मते लाखभर असोत की कोटभर, फारसा फरक पडत नाही. पुरावा कमी पडला तर नमुना वाढवत जायचा, गरज पडली तर सगळे कागद मोजायचे. कोणते कागद काढायचे हे ठरवणारा आकडा कोलोरॅडोत सगळ्यांसमोर दहा बाजूंचे फासे टाकून काढतात. हा आकडा आधी कोणाला माहीत असता कामा नये.

प्रश्न : इंटरनेटवर मतदान?

एस्टोनिया २००५ पासून करते. मतदार मत बदलून पुन्हा देऊ शकतो आणि केंद्रावर कागदी मत दिले तर तेच धरले जाते. दबावाखाली दिलेल्या मतावर हा चांगला उपाय आहे. पण मतदाराने डोळ्यांनी पाहिलेला कागद नसल्याने वरची तपासणी तिथे करता येत नाही. आमच्या मते ही उणीव मोठी आहे.

प्रश्न : भारतात यंत्रांच्या मोजणीला उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून बसणार आहे. काय बघू?

सर्वांत जास्त घोळ मॉकपोलचा होतो. मतदानाआधी किमान ५० मते टाकून यंत्र तपासतात. मग सीआरसी, म्हणजे क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही तीन बटणे याच क्रमाने दाबायची असतात. व्हीव्हीपॅटमधल्या चाचणीच्या चिठ्ठ्या काढून, मागे शिक्का मारून काळ्या लिफाफ्यात सीलबंद करायच्या असतात. क्लिअर राहिले की यंत्रातली बेरीज फुगते. चिठ्ठ्या राहिल्या तर उलट चिठ्ठ्यांचा आकडा यंत्रापेक्षा जास्त भरतो. म्हणून टेबलावर कंट्रोल युनिट, म्हणजे मते साठवणारा यंत्राचा भाग, आले की आधी त्याचा क्रमांक आणि सील नमुना १७ सी शी, म्हणजे केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाच्या पत्रकाशी, जुळवा. मग ‘टोटल’ दाबायला सांगा आणि तो आकडा त्याच नमुन्यातल्या एकूण मतांशी ताडा. त्यानंतरच ‘रिझल्ट’. १७ सी ची प्रत मतदान संपताच तुमच्या केंद्रावरच्या प्रतिनिधीला मिळते. ती सोबत नसेल, तर टेबलावर दाखवलेल्या प्रतीवरच विसंबावे लागेल. आकडा जुळला नाही तर ते युनिट बाजूला काढून ठेवले जाईल. त्याचा क्रमांक लिहून घ्या आणि हरकत लेखी द्या. चिठ्ठ्या मोजायची वेळ आली आणि त्यांचा आकडा यंत्रापेक्षा वेगळा निघाला, तर नियमाप्रमाणे चिठ्ठ्यांचा आकडा अंतिम धरतात.