मुदत वाढवणार कोण? समिती, मालक नव्हे

प्रश्न थोडक्यात: 30 खाटांचे रुग्णालय, 22 कर्मचारी. व्हिजिटिंग भूलतज्ज्ञाने ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) केलेल्या लैंगिक छळाबद्दल एका सिस्टरने 14 ऑगस्टला तोंडी तक्रार केली. शेवटचा प्रकार 12 ऑगस्टचा. रुग्णालयाच्या मालक डॉक्टरांनी भूलतज्ज्ञाला केबिनमध्ये माफी मागायला लावली आणि सिस्टरची ड्यूटी ओपीडीत लावली. 20 डिसेंबरला तिने लेखी तक्रार दिली. रुग्णालयात अशा तक्रारी चौकशीला घेणारी अंतर्गत समिती नाही. 'मिटलेल्या प्रकरणाची तीन महिन्यांनंतर दखल घ्यावी लागेल का?'

डॉक्टर, दखल घ्यावी लागेलच. छोट्या रुग्णालयांच्या पत्रांत 'मिटलं होतं' हे हमखास असते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यातला समेट चौकशीआधी, महिलेने मागितला तरच आणि समितीमार्फत होतो. समितीच नव्हती, तर केबिनमधल्या माफीला कायद्यात जागा नाही.

घोडे अडले आहे कलम 9 पाशी. शेवटच्या प्रकारापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार हवी. ती मुदत 12 नोव्हेंबरला संपली. आणखी तीन महिने मिळतात, पण ते फक्त समिती देऊ शकते, तेही कारणे लेखी नोंदवून. म्हणजे शेवटची तारीख 12 फेब्रुवारी. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका विद्यापीठाच्या प्रकरणात एप्रिल 2023 च्या प्रकाराची डिसेंबर 2023 मधली तक्रार मुदतबाह्य ठरवली. तुमच्या हाती दिलेले पत्र समितीकडे केलेली तक्रार धरली जाईल का, यावर वर्षानुवर्षे भांडता येईल. आपल्या कोर्टांत तेवढा वेळ सहज जातो.

तारीख उलटून जाऊ द्यावी, असे मनात असेल तर तेही सोडा. 10 कर्मचारी झाले की समिती सक्तीची. ती नसल्याबद्दल 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. पुन्हा तोच गुन्हा झाला तर दुप्पट शिक्षा, आणि रुग्णालयाची नोंदणीही जाऊ शकते. मागची तारीख टाकून समिती दाखवू नका. समितीत बाहेरच्या संस्थेतला एक सदस्य लागतो, आणि खोट्या तारखेवर तो उलटतपासणीत पाच मिनिटे टिकणार नाही.

याच आठवड्यात लेखी आदेश काढा. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी: मेट्रन किंवा महिला वैद्यकीय अधिकारी. ओटी इनचार्ज नको. तिचे रोजचे काम त्याच भूलतज्ज्ञाबरोबर. कर्मचाऱ्यांतले किमान दोन सदस्य, शिवाय महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली एक व्यक्ती. एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला हव्यात. मग सिस्टरकडून समितीच्या नावे तक्रार घ्या, सहा प्रती, साक्षीदारांच्या नावांसह. पहिल्याच बैठकीत विलंब माफीचा ठराव हवा. कारण तुम्हीच पुरवले आहे: तक्रार करायला समिती नव्हती. त्यानंतर भूलतज्ज्ञाला सात कामकाजी दिवसांत प्रत, त्याचे उत्तर दहा कामकाजी दिवसांत, चौकशी 90 दिवसांत. समितीपुढे कोणत्याही बाजूला वकील आणता येत नाही, त्यामुळे मला बोलावू नका.

एक गोष्ट पत्रात नाही. हे भूलतज्ज्ञ रुग्णालयात भागीदार असतील तर तक्रार मालकाविरुद्धची ठरू शकते, आणि ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ते आधी तपासा.

ओपीडीतली ड्यूटी सध्या शिक्षेसारखी दिसते. तक्रारदाराची बदली तिच्या लेखी विनंतीवर आणि समितीच्या शिफारशीनेच करायची असते. तिला ओटीत परतायचे असेल तर रोस्टर बदला, आणि चौकशी संपेपर्यंत तिच्या केसेसना दुसरा भूलतज्ज्ञ बोलवा.